स्विचची खोळ

ते यंत्र घरात आलं त्या दिवसापासून मोठ्याबाईंना एका जागी बूड टेकवणं जमेना. स्वयंपाकघरात बसावं तर आवाज, मागच्या अंगणात जावं तर आवाज, आणि स्वतःच्या खोलीत दार लावून पडावं तर आवाज दाराखालच्या फटीतून सरपटत आत यायचा. धड शिट्टी नाही, धड घरघर नाही. एखादा माणूस नाकातून गाणं म्हणत सुटलाय आणि त्याला पुरे म्हणणारं कोणी नाही, असा.

यंत्राचं नाव स्विच. मोठ्याबाईंच्या लेखी स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण, दाबलं की दिवा लागतो. हा तसला नव्हता. लोखंडाची बसकी, लांबट पेटी. पुढच्या अंगाला ओळीनं भोकं. एकेका भोकात एकेक वायर खुपसायची, की तेवढे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागतात, असं सुनेनं पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं.

"बोलतात ते कॉम्प्युटर," मोठ्याबाई म्हणाल्या, "मग बोंबलतो हा कशाला?"

"आत पंखे आहेत आई. ऑफिसातला माल आहे. तिथं याला वेगळ्या बंद खोलीत ठेवतात, आवाज कोणाला कळत नाही. आपल्याकडे वेगळी खोली कुठली?"

सून दिवसभर एका कंपनीत नोकरी करायची आणि घरी आल्यावर हेच काम शिकू बघणाऱ्यांना शिकवायची. तिचे विद्यार्थी समोर येऊन बसणारे नव्हते. ते आपापल्या घरून, आपापल्या वेळेला, इंटरनेटवरून या घरातल्या यंत्रांत शिरायचे आणि सराव करायचे. म्हणून यंत्रं दिवसभर चालू हवीत. याला ती लॅब म्हणायची. मोठ्याबाईंची शिवणाची खोली होती, तिच्या एका भिंतीला लोखंडी रॅक लावलं, झाली लॅब. नवी यंत्रं घेणं आवाक्यातलं नव्हतं, म्हणून सगळं जुनं. कुठलंसं ऑफिस बंद पडतं, कुठली कंपनी नवं सामान घेते, मग जुनं एका साइटवर विकायला येतं. सून जेवतानासुद्धा फोनवर तेच बघत बसायची. लोक कपडे बघतात, दागिने बघतात, ही लोकांच्या ऑफिसांची काढून टाकलेली आतडी बघायची.

"लोकांनी टाकलेलं आपण मांडायचं," मोठ्याबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या होत्या.

"तुमचं शिवणयंत्र कुठं नवं होतं आई?"

"ते टाकलेलं नव्हतं. ते मी मागून आणलेलं होतं."

या उत्तरावर सून पुन्हा फोनकडे वळली होती. मोठ्याबाईंना उलट उत्तर करायला सहसा कोणी जात नसे. शाळा त्यांनी जेमतेम पाहिली होती, सही करताना अजून जीभ बाहेर यायची, पण जिभेचं दुसरं काम त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. नवरा लवकर गेला. मुलगा लहान. तेव्हा त्यांनी खोळी शिवायला घेतल्या. सोफ्याच्या, गाद्यांच्या, टीव्हीच्या, मिक्सरच्या, कोणी आणून दिली तर वाजवायच्या पेटीच्यासुद्धा. वस्तू एकदा बघितली की माप डोक्यात बसायचं. त्यांच्या खोळीला कुठं चुणी नसायची, कोपरा कुठं लोंबायचा नाही. त्या खोळींवर मुलगा शिकला, बोटीवर नोकरीला लागला आणि आता वर्षातले बरेच महिने समुद्रावरच असायचा. घरात सासू, सून आणि झाकलेलं सामान. या घरात उघडी वस्तू दिसली तर ती नुकतीच आलीय असं समजावं.

स्विच मात्र उघडाच राहिला. सुनेनं बजावलं होतं, "आई, याला हात लावू नका हं."

"मी कशाला लावू? मला काय त्याला ओवाळायचंय?"

"आवाजाचा त्रास होईल तुम्हाला दिवसभर."

"त्रास?" मोठ्याबाईंनी मान मागं टाकली. "अगं, मी शिवणयंत्राच्या खडखडाटात जन्म काढलाय. यानं मला काय होतंय?"

हे वाक्य बोलल्या आणि तिथंच अडकल्या. एकदा तोंडून गेलेला शब्द मोठ्याबाई परत घेत नसत. शिवणयंत्राचा आवाज आपला असतो, पाय थांबवला की तो थांबतो, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. हा आवाज कोणाच्याच पायात नव्हता. सून सकाळी निघून जायची आणि मागं तो आणि त्या. त्या डाळ निवडायला बसल्या की उठायच्या. दार उघडायच्या, लावायच्या. शेजारणीकडे जाऊन बसायच्या आणि तिथंही कानात तोच. शेजारीण म्हणाली, "मोठ्याबाई, कशाची घाई आहे?" तर म्हणाल्या, "घाई नाही, बसवत नाही."

शेवटी त्यांनी माप घेतलं. हात न लावता, नुसतं बघून. जाड गादीपाटाचं कापड, आत कापसाचा थर, त्याला आडवे-उभे टाके, आणि मागच्या बाजूला वायरी जायला बरोब्बर चीर. अशी खोळ त्यांनी आयुष्यात दुसरी शिवली नसेल. सून कामावर गेली की खोळ चढवायची आणि ती यायच्या आधी काढून गादीखाली ठेवायची. लपवाछपवी नव्हे. उगाच म्हातारीला आवाज सोसवत नाही अशी चर्चा कोणी करू नये, एवढंच.

खोळीनं काम चोख केलं. घातल्याबरोबर आवाज खाली आला. थोडा वेळ तो आतल्या आत जास्तच चिडल्यासारखा वाटायचा, मग हळूहळू पार मिटायचा. अगदी श्वाससुद्धा नाही. मोठ्याबाई पलंगावर पडून ती शांतता ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, याला म्हणतात अस्तर. संध्याकाळी खोळ काढली की काही वेळात तो झोपमोड झालेल्या पोरासारखा पुन्हा सुरू व्हायचा.

आणि इकडे सुनेचे विद्यार्थी कुरकुरायला लागले.

"दुपारी सगळं तुटतं म्हणतात," ती घरी येऊन रॅकसमोर उकिडवी बसली. "रोज दुपारी. संध्याकाळी मी येते तेव्हा ठणठणीत." तिनं वायरी काढून परत लावल्या, विजेचं बटण बदललं, कोणाकोणाला फोन केले. एक विद्यार्थी सोडून गेला, मग आणखी एक. ती जेवता जेवता थांबायला लागली. "जुना माल घेतला हेच चुकलं," असं ती एकदा म्हणाली आणि मोठ्याबाईंना ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सुनेचा पडलेला चेहरा त्यांना आवडायचा नाही. चेहरा पाडायचा हक्क त्यांचा होता, यंत्राचा नव्हे.

"त्या विकणाऱ्याला फोन लाव. माझ्याकडे दे."

"आई, नको."

"लाव म्हणते ना."

विकणारा पलीकडून घोगऱ्या आवाजात बोलला. वय झालेला माणूस वाटला. "काकू, मी स्वतः साफ करून, आठवडाभर चालवून मगच विकतो. माझ्याकडे एकदाही बंद पडला नाही."

"मी तुमची काकू कधी झाले?"

"बरं, बाई. एक सांगा, दुपारीच बंद पडतो ना? दुपारी घरात काही वेगळं होतं का?"

"दुपारी घरात मी असते. तेवढंच वेगळं."

"त्याच्यावर काही ठेवलंय का? एखादं खोकं, पुस्तकं, दुसरं यंत्र?"

"माझ्या घरात एका वस्तूवर दुसरी ठेवायची पद्धत नाही," मोठ्याबाई म्हणाल्या, आणि त्यांना त्यात तीळभर खोटं वाटलं नाही. खोळ म्हणजे काही वस्तूवर ठेवलेली वस्तू नव्हे. माणसाच्या अंगावरच्या कपड्याला कोणी ओझं म्हणतं का? "तुमचं यंत्रच आळशी आहे. दुपारी झोपतं. तुम्ही पण झोपत असाल, तुमच्याकडूनच शिकलं."

तो माणूस हसला नाही. "मी यंत्र परत मागवून घेतो बाई. येण्याजाण्याचा खर्च माझा. माझी चूक असेल तर मला ती बघायचीय."

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "परतच करू. तक्रार नको घालायला. एक तक्रार आधीच आहे त्याच्या नावावर, मी बघितली. सामान पोचवणाऱ्यानं आपटलं आणि खापर याच्यावर फुटलं असं त्यानं लिहिलंय. दुसरी तक्रार खरी ठरली तर साइटवरून त्याचं दुकानच उठवतात. त्याला दुसरं दुकान नाही."

"मग उठू दे. आज तू गप्प बसलीस तर उद्या तुझ्यासारखीच दुसरी कोणी फसेल. लिही, मी सांगते."

सून दमलेली होती. तिनं लिहिलं, जसंच्या तसं. "वस्तू दिसायला धडधाकट, पण दुपारी मरते आणि संध्याकाळी जिवंत होते. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो आंधळा, माहीत असेल तर लबाड. ज्याला दुपारी काही काम नाही त्यानंच याच्याकडून घ्यावं." लिहिताना शेवटच्या ओळीला सून कितीतरी दिवसांनी हसली, आणि त्या हसण्यासाठी मोठ्याबाईंनी आणखी दोन दुकानं उठवली असती. साइटवाले दोन दिवसांत निकाल देणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोळीखालची शांतता ऐकत त्या पडल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. सून ऑफिसातून बोलत होती. "आई, स्विच पुन्हा बंद पडला. जरा रॅकपाशी जाऊन बघता? पुढचे हिरवे दिवे लागलेत का?"

मोठ्याबाई गेल्या. एका हातानं फोन धरून त्यांनी दुसऱ्यानं खोळ वर केली, आणि हात झटकन मागं घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. खोळीच्या आतून दमट कपड्यांना इस्त्री करताना येते तशी करपट वाफ आली. पुढच्या बाजूला एकही दिवा नव्हता. सगळी भोकं काळी.

आजवर खोळ काढताना त्यांनी कधी दिव्यांकडे बघितलंच नव्हतं. खोळ काढायची, घडी घालायची आणि पळायचं.

"आई? लागलेत का?"

"थांब." त्या तिथंच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं आत काहीतरी टकटकलं, पंखे कण्हले आणि दिवे एकामागून एक लुकलुकले. "लागलेत."

"आत्ता लागले की आधीपासून होते?"

"लागलेत म्हटलं ना." त्यांनी फोन ठेवला.

एका पुराव्यावर मोठ्याबाई स्वतःलासुद्धा दोषी धरणाऱ्या नव्हत्या. यंत्र गार होऊ दिलं, खोळ पुन्हा चढवली आणि पुढची बाजू थोडी उचलून धरून, स्टुलावर बसून त्या दिव्यांकडे टक लावून राहिल्या. वरून दुसरा हात खोळीवर. आधी ऊब आली, मग चटका. पंखे आतून जोर करत होते, जीव तोडून. मग सगळे दिवे एकदम विझले आणि ती त्यांची लाडकी शांतता पसरली.

म्हणजे इतके दिवस त्या ज्याला अस्तराची कमाल म्हणत होत्या, ते यंत्राचं बेशुद्ध पडणं होतं.

आणि याहून जास्त लागलं ते वेगळंच. टीव्हीची खोळ देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या स्वतः दाराशी थांबवून सांगायच्या, "बंद करा, गार होऊ द्या, मगच घाला. तापल्या अंगावर खोळ घालू नका." किती बायकांना सांगितलं असेल. न ऐकणाऱ्यांना बोलही लावले. पण या पेटीला ना शेगडी, ना काच, ना सुई. वायरींच्या डब्याला कसला आलाय ताप, असं त्या धरून चालल्या होत्या. विचारलंच नाही. त्यांना विचारायची सवय नव्हती, सांगायची होती.

संध्याकाळी सून आली तेव्हा मोठ्याबाई दारातच उभ्या होत्या. "ती तक्रार मागं घे."

"का?"

"बोलण्यावरून माणूस बरा वाटला."

"तुम्ही त्याला लबाड म्हणालात."

"लबाड माणसं काय बरी नसतात?"

सुनेनं पिशवी खाली ठेवली. "आई, मला पटत नाही ते. आजही दुपारी बंद पडलाच की. तुमचंच म्हणणं होतं, आपण गप्प बसलो तर दुसरी कोणी फसेल. मला रात्रभर तेच आठवत होतं. तुम्ही बरोबर होतात."

कधी नव्हे ते सुनेनं त्यांचं ऐकलं होतं, आणि नेमकं या वेळी. मोठ्याबाई आत गेल्या. बाहेर आल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा आत. त्यांना जुन्या दिवसांतली एक बाई आठवत होती. तिनं सोफ्याची खोळ उकळत्या पाण्यात घातली, ती आटली, आणि ती बाई चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली की माप चुकलं. मोठ्याबाईंचं माप. तेव्हा त्यांना ते खोटं पाडता आलं नव्हतं. ती गिऱ्हाइकं खाली मान घालून निघून गेली होती आणि त्या बाईचा चेहरा मोठ्याबाई अजून विसरल्या नव्हत्या. आता त्या बाईच्या जागी कोण उभं होतं, हे सांगायला कोणी बाहेरचं लागत नव्हतं. घोगऱ्या आवाजाचं ते वाक्य सारखं फिरून फिरून येत होतं. माझी चूक असेल तर मला ती बघायचीय.

जेवताना त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा नको म्हणाल्या.

सकाळी सून निघायच्या तयारीत होती. निकाल आज लागायचा होता. मोठ्याबाईंनी गादीखालून खोळ काढली, शिवणाच्या खोलीत आल्या आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"बस."

"आई, उशीर होतोय मला."

"होऊ दे. रोज वेळेवर जातेस, एक दिवस नाही गेलीस तर कंपनी बुडत नाही."

सून बसली. मोठ्याबाईंनी खोळ झटकली आणि स्विचवर चढवली, चारी कोपरे ओढून, चिरेतून वायरी नीट काढून, अगदी गिऱ्हाइकासमोर करतात तशी. आवाज खाली आला. सून आधी खोळीकडे बघत राहिली, मग टाक्यांकडे, मग सासूकडे.

"आई, हे रोज..."

"बोलू नको. बघ."

दोघी बसून राहिल्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पंखे आतून चढत गेले, चिडत गेले. मोठ्याबाईंनी पुढची कड बोटांनी उचलून धरली, दिवे दिसावेत म्हणून. मग दिवे गेले आणि खोलीत काही उरलं नाही.

त्या शांततेत सून म्हणाली, "हात लावू नका म्हटलं होतं मी."

"हात नव्हता लावला. खोळ लावली."

सून हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. "दोन जण गेले माझे क्लास सोडून. मी रात्री रात्री वायरी तपासत होते. आवाजाचा त्रास होतो एवढंच सांगायचं होतंत आई."

"तेवढंच तर सांगायचं नव्हतं," मोठ्याबाई म्हणाल्या.

सुनेनं खोळ काढली, हातात धरून उलटसुलट बघितली. रागात होती, तरी टाक्यांवरून तिचा अंगठा फिरत राहिला. मग तिनं फोन काढला आणि साइटवर जाऊन लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती, "आमच्याकडून झालेल्या चुकीमुळे..."

"आमच्या नाही. तू कशाला मध्ये? लिही, घरातल्या म्हातारीनं चालत्या यंत्रावर जाड खोळ घातली होती, म्हणून ते तापून बंद पडत होतं. विकणाऱ्यानं विचारलं होतं, तिनं धड सांगितलं नाही."

"इतकं कशाला?"

"मी त्याला लबाड म्हणताना काटकसर केली नव्हती."

लिहून झालं. मग त्यांनी फोन मागितला आणि त्या माणसाचा नंबर लावायला सांगितलं. सुनेनं बोलू का म्हणून हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मी बोलतेय. दुपारवाली. तुमचं यंत्र चांगलं आहे. मी त्याच्यावर खोळ घालत होते. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं नाही, कारण खोळ म्हणजे ओझं असं मला वाटलं नाही. माझं तोंडही सैल सुटलं. तक्रार मागं घेतलीय, खाली खरं काय ते लिहिलंय. दुकान राहील ना तुमचं?"

"राहील, बाई. वेळेत कळवलंत." त्यानं खोल श्वास सोडला, तो फोनमधून सरळ कानात आला. मग म्हणाला, "खोळ शिवलेली होती? नुसतं कापड नव्हतं टाकलेलं?"

"कापूस भरून शिवली होती. वायरींना चीर ठेवून."

"तरीच. नुसत्या कापडाखाली तो इतक्यात मरत नाही." त्याच्या आवाजात आता हसू होतं. "काकू, याच्या आवाजापायी माणसं दोन दिवसांत मला परत फोन करतात. तुम्ही इतके दिवस कसा सोसलात?"

मोठ्याबाईंनी या वेळी काकूला हरकत घेतली नाही. "सोसला असता तर तुमच्यावर ही वेळ आली नसती," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोन सुनेकडे दिला. कमी आवाजाचे पंखे मिळतात, आपण पाठवतो, बसवायला सोपे आहेत, असं तो सुनेला सांगत होता. सून दारातून निघता निघता ऐकत होती आणि हो हो म्हणत होती. जाताना तिनं मागं वळून बघितलं. मोठ्याबाईंनी स्टूल रॅकच्या जवळ ओढलं होतं आणि खोळ मांडीवर घेऊन शिवण उसवायला सुरुवात केली होती. कापड चांगलं होतं, वाया घालवण्यातलं नव्हतं.

यंत्र शुद्धीवर आलं. नाकातलं गाणं सुरू झालं. मोठ्याबाईंनी चार टाके उसवले, मान वर केली, त्याच्याकडे बघितलं. पुन्हा खाली घातली. पाय आपोआप हलत होता, जुन्या शिवणयंत्राच्या पेडलवर असल्यासारखा. उठावंसं वाटत होतं. त्या उठल्या नाहीत. पाचवा टाका उसवला.